साधन, प्रतिनिधी आणि कर्ता: मोठ्या टॅबलेटच्या योग्यतेचा एक मीमांसाविचार

मोठा पडदा, त्यावर लिहिण्यासाठी स्टायलस नावाची लेखणी आणि हवा तेव्हा जोडता येणारा कीबोर्ड अशा तीन अंगांचा टॅबलेट विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिकांना योग्य आहे काय, या प्रश्नाचा निकाल सामान्यतः किंमत, वजन आणि बॅटरी यांच्या हिशेबाने लावला जातो. तो हिशेब आवश्यक आहेच. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे आणि त्याचे काही ना काही उत्तर मनात धरल्याशिवाय कोणतेही साधन योग्य किंवा अयोग्य ठरवता येत नाही. ज्ञानाचे साधन बदलले तर ज्ञानही बदलते काय, आणि बदलत असेल तर कशाच्या जागी दुसरे काही ठेवलेले चालते व कशाच्या जागी चालत नाही, असा तो प्रश्न आहे. पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदांतील कर्मविधींचा अर्थ लावण्याचे नियम घडवणाऱ्या जैमिनिप्रणीत शास्त्राने, साधनांच्या योग्यतेचा जितका काटेकोर विचार केला तितका अन्यत्र क्वचितच आढळतो. यज्ञातील तांदूळ, उखळ आणि यजमान यांच्याविषयीची ती चर्चा आजच्या काचेच्या पाटीलाही लागू पडते आणि विद्यार्थी व व्यावसायिक यांना एकाच प्रश्नात बसवण्यातली चूक दाखवून देते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या यंत्राची कल्पना बाजारात आलेल्या वस्तूपेक्षा बरीच जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने एका सपाट फलकावर लेखणीने लिहून संगणकाला मजकूर आणि आकृती देण्याची सोय केली होती. १९७२ साली अ‍ॅलन के यांनी डायनाबुक या नावाने मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला आणि त्यात कीबोर्डही होता. पुढे २०१० साली आलेला पहिला आयपॅड मात्र बोटांसाठी होता, लेखणीसाठी नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मालिकेने आणि सॅमसंगच्या नोट मालिकेने लेखणीला पुन्हा स्थान दिले, आणि २०१५ साली अ‍ॅपलने १२.९ इंची आयपॅड प्रो, पेन्सिल व कीबोर्ड एकत्र आणले तेव्हा लिहिणारा हात आणि टंकणारी बोटे या दोन्हींची सोय एकाच वस्तूत करण्याचा प्रयत्न रूढ झाला. के यांच्या आराखड्यात शिकणारे मूल मध्यभागी होते, तर आजच्या जाहिरातींत उत्पादकता मध्यभागी आहे. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

साधनाविषयी दोन टोकाची मते प्रचलित आहेत. साधन तटस्थ असते, चांगले-वाईट काय ते वापरणाऱ्यावर अवलंबून असते, हे पहिले मत. साधनच वापरणाऱ्याला घडवते, हे दुसरे. दुसऱ्या मताचा सर्वांत जुना प्रसिद्ध पुरस्कार प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आढळतो: तेथे थ्यूथ नावाचा देव लेखनविद्येचा शोध लावून ती इजिप्तच्या थामुस राजापुढे ठेवतो, आणि राजा तिची स्तुती करण्याऐवजी असा आक्षेप घेतो की या विद्येमुळे स्मरणशक्ती वाढणार नाही, उलट माणसे बाहेरच्या खुणांवर विसंबून आतून आठवणे सोडून देतील. १८८२ साली दृष्टी क्षीण होत चाललेल्या नीत्शेने डॅनिश पाद्री मालिंग-हान्सेन यांचे लेखनयंत्र वापरले आणि लिहिण्याची हत्यारे विचारांच्या घडणीत भाग घेतात असे मत नोंदवले. हायडेगरने १९४२-४३ च्या हिवाळ्यातील व्याख्यानांत टंकलेखन यंत्रावर अधिक कठोर टीका केली. लेखन हे मूलतः हाताचे कर्म असून यंत्र ते हातापासून तोडते आणि सर्वांचे अक्षर एकसारखे करून लिहिणाऱ्याला झाकून टाकते, असा तिचा आशय होता.

स्टायलसमुळे हात परत आला म्हणून हायडेगरचा आक्षेप मिटला, असे म्हणता येईल काय? वरवर पाहता मिटला; पण जो हात काचेवर अक्षर काढतो त्याच हाताखाली तेच अक्षर क्षणात छापील अक्षरांत बदलण्याची सोयही असते, आणि ती सोय वापरायची की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून या यंत्रापुढे दोन्ही टोकाची मते अपुरी पडतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारभूत शरीर, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, त्यांच्या विविध हालचाली आणि दैव. या मांडणीत साधन शून्य नाही आणि सर्वस्वही नाही. ते पाचांतील एक आहे. तरीही एकाचा भार किती आणि कोठे, हे त्या यादीवरून कळत नाही. ते मीमांसेकडून समजून घ्यावे लागते.

दर्शपूर्णमास या यागांत, म्हणजे अमावास्या व पौर्णिमेशी निगडित यज्ञांत, पुरोडाश नावाची भाकरीसारखी आहुती तांदळाच्या पिठाची करतात आणि त्यासाठी भाताचे दाणे कांडावेत असे वेदवचन आहे. कांडण्याच्या या क्रियेला मीमांसक अवघात म्हणतात. प्रश्न असा उपस्थित होतो की कांडण्याचे फळ तूस निघणे हे असेल, तर ते तूस नखाने सोलूनही निघते. मग वेदाने कांडण्याचाच आग्रह का धरावा? हे वचन नसते तरी कोणी कांडले असते आणि कोणी सोलले असते, म्हणजे कांडणे एका पक्षी आपोआप प्राप्त होते आणि दुसऱ्या पक्षी सुटत होते. वचन हे सुटणे थांबवते आणि कांडणेच नक्की करते. अशा वचनाला नियमविधी असे नाव आहे, आणि आपदेवाचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ किंवा लौगाक्षी भास्कराचा ‘अर्थसंग्रह’ शिकणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण भेटते. तूस निघणे हे दृष्ट फळ, म्हणजे डोळ्यांना दिसणारे फळ, दोन्ही मार्गांनी सारखेच आहे. मात्र ठरवून दिलेल्या मार्गाने गेल्यामुळे आणखी एक न दिसणारे फळ उत्पन्न होते आणि अंतिम सिद्धी त्यावर अवलंबून असते, असे मीमांसक मानतात. या न दिसणाऱ्या फळाला ते अपूर्व म्हणतात.

ही सर्व चर्चा वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याकडे वळवली की तिचे मर्म ध्यानात येते. व्याख्यान ऐकताना एकाने कागदावर टिपणे काढली, दुसऱ्याने काचेवर स्टायलसने काढली, तिसऱ्याने कीबोर्डवर टंकली आणि चौथ्याने ध्वनिमुद्रण करून यंत्राकडून त्याचे लिखित रूप करून घेतले. दृष्ट फळ, म्हणजे व्याख्यानाचा हाती आलेला मजकूर, चौघांकडेही आहे. किंबहुना चौथ्याकडे तो सर्वांत पूर्ण आहे. तरीही या चौघांचे शिकणे सारखे झाले असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही. ज्या फळासाठी टिपणे काढायची असतात ते वहीत नसून विद्यार्थ्यात असते. तूस निघाले, पण अपूर्व निर्माण झाले की नाही, हा तेथला खरा प्रश्न आहे.

अर्थात मीमांसेचाच दुसरा दंडक असा आहे की दिसणाऱ्या फळाने काम भागत असेल तर न दिसणाऱ्याची कल्पना करू नये. शिक्षणात अपूर्वाचे नाव घेऊन कोणत्याही जुन्या कष्टाचे समर्थन करता येईल, आणि तसे केलेही जाते. म्हणून येथे पुरावा मागितला पाहिजे. २०१४ साली म्यूलर आणि ओपनहायमर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लॅपटॉपवर टंकणाऱ्या विद्यार्थ्यांनी अधिक शब्द, आणि तेही बहुतांशी वक्त्याचेच, उतरवले. हाताने लिहिणाऱ्यांनी कमी लिहिले, पण संकल्पनांवरील प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे दिली. हा निष्कर्ष जगभर उद्धृत झाला. मात्र २०१९ आणि २०२१ साली इतर संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा टंकणारे अधिक शब्दशः उतरवतात हे टिकले, पण परीक्षेतील फरक तितक्या स्पष्टपणे आढळला नाही. नॉर्वेतील फान डेर वील आणि फान डेर मेर यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या आणि हाताने लिहिताना मेंदूच्या भागांतील परस्परसंबंध अधिक व्यापक असल्याचे नोंदवले. या अभ्यासातील विद्यार्थी कागदावर लिहीत नव्हते, तर स्पर्शपडद्यावर डिजिटल लेखणीने लिहीत होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. आणि टंकताना त्यांना केवळ एकच बोट वापरू दिले होते, ही त्या अभ्यासाची उघड मर्यादाही आहे. एवढ्या पुराव्यावरून हाताने लिहिणे सर्वांसाठी सदैव श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. हाताच्या मंदगतीमुळे ऐकलेले सर्व उतरवता येत नाही, म्हणून काय सोडायचे हे ऐकतानाच ठरवावे लागते आणि हे ठरवणे म्हणजेच समजणे, इतके मात्र म्हणता येते. आणि तो लाभ कागदाचा नसून क्रियेचा आहे, हेही.

काचेने कागदाची आणि स्टायलसने बोरूची जागा घेतली तर काय बिघडते, याचे उत्तर मीमांसेच्या प्रतिनिधिविचारात सापडते. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात विहित द्रव्य मिळाले नाही किंवा मध्येच नष्ट झाले तर काय करावे याची चर्चा आहे. व्रीही म्हणजे लागवडीचे भात नसेल तर नीवार म्हणजे आपोआप उगवणारे रानभात घ्यावे, यज्ञ सोडू नये, असा तेथील निर्णय आहे. आणि प्रतिनिधी निवडताना मूळ द्रव्याशी अधिकाधिक साम्य असलेला निवडावा, अशी अट आहे. या कसोटीला स्टायलस बऱ्याच अंशी उतरते. दाब आणि कल ओळखणारी लेखणी, टेकलेल्या तळहाताकडे दुर्लक्ष करणारा पडदा, आणि लेखणी फिरल्यापासून रेघ उमटेपर्यंतचा काळ, जो अ‍ॅपलने २०१९ साली २० मिलिसेकंदांवरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचे जाहीर केले, या सर्व सुधारणा साम्य वाढवण्याच्याच दिशेने झालेल्या आहेत. काचेचा गुळगुळीतपणा, बोरूला कागदाकडून मिळणाऱ्या विरोधाचा अभाव आणि पान उलटताना हाताला लागणाऱ्या जाडीचा अभाव, एवढे असाम्य उरते. ते खरे असले तरी नीवार घेऊन केलेला याग जसा यागच असतो, तसा काचेवर स्वतःच्या हाताने केलेला अभ्यास अभ्यासच असतो.

मात्र त्याच अध्यायात मीमांसकांनी प्रतिनिधीची सीमाही आखली आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवता, अग्नी, मंत्र आणि विहित क्रिया यांना चालत नाही. आणि स्वामीला, म्हणजे ज्याला फळ मिळायचे त्या यजमानाला, तर मुळीच चालत नाही. अनेक यजमान मिळून करतात त्या सत्रात एखादा मध्येच मरण पावला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा माणूस आणता येतो, पण तो फळाचा स्वामी होत नाही. द्रव्य, क्रिया आणि कर्ता या तीन पातळ्या एकदा वेगळ्या केल्या की टॅबलेटच्या सोयींचेही तीन वर्ग पडतात. कागदाऐवजी काच, शाईऐवजी ठिपके, दप्तराऐवजी एक फलक ही द्रव्याची अदलाबदल आहे आणि ती निर्दोष आहे. लिहिण्याऐवजी टंकणे ही क्रियेची अदलाबदल आहे. ती कोठे चालते आणि कोठे नाही हे कर्मानुसार पाहावे लागते. व्याख्यान स्वतः न ऐकता मुद्रित करणे, ग्रंथ न वाचता यंत्राकडून त्याचा सारांश घेणे आणि गणित न सोडवता उत्तराचे छायाचित्र पुढे करणे, ही कर्त्याची अदलाबदल आहे. टॅबलेटविरुद्ध बोलणारे बहुधा पहिल्या वर्गावर आक्षेप घेतात आणि त्याची तरफदारी करणारे तिसऱ्या वर्गालाच त्याची थोरवी मानतात. दोन्ही पक्षांची ही गल्लत दुर्दैवी आहे, कारण त्यामुळे निर्दोष गोष्टीवर शंका घेतली जाते आणि खरी हानी सोय म्हणून घरात येते.

येथे एक रास्त शंका निघते. यज्ञातील बहुतेक कामे यजमान स्वतः करत नाही. दक्षिणा देऊन नेमलेले ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म करणारे पुरोहित, ती करतात आणि तरीही फळ यजमानाला मिळते. मग विद्यार्थ्याने यंत्राला ऋत्विज का मानू नये? मीमांसेने हा प्रश्नही सोडलेला नाही. तिसऱ्या अध्यायातील निर्णय असा आहे की मुख्य संकल्प आणि द्रव्यावरचा आपला हक्क सोडण्याचा त्याग यजमानानेच करायचा, बाकीची कामे वेतन देऊन इतरांकडून करवता येतात. परंतु दीक्षा, केशवपन, व्रतस्थ राहणे इत्यादी ज्या संस्कारांनी यजमान यज्ञाला पात्र होतो, ते त्याच्याच देहावर झाले पाहिजेत. दुसऱ्याने उपवास केल्याने पहिला व्रतस्थ होत नाही. विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्यातील भेद नेमका येथे आहे. व्यावसायिकाचे काम यज्ञकर्मासारखे आहे. त्याचे फळ बाहेर असते, इमारतीच्या नकाशात, न्यायालयातील अर्जात, रुग्णाच्या नोंदीत असते, आणि तेथे संकल्प व जबाबदारी स्वतःकडे ठेवून उरलेले काम ऋत्विजांवर सोपवण्यात दोष नाही. विद्यार्थ्याचे काम मात्र दीक्षेसारखे आहे, कारण त्यात घडायची वस्तू तो स्वतःच असतो.

त्यामुळे जे गुण व्यावसायिकाला उपकारक ठरतात तेच विद्यार्थ्याला अपकारक ठरू शकतात. मजकुरात शब्द क्षणात शोधता येणे, जुना परिच्छेद नव्या पानावर चिकटवता येणे, चूक पुसल्याचा मागही न राहणे, या गोष्टी वकिलाचा किंवा अभियंत्याचा वेळ वाचवतात आणि तो वाचवणे योग्यच आहे. शिकणाऱ्याला मात्र खोडलेली ओळ दिसत राहणे, उदाहरण पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागणे आणि संदर्भ शोधताना शेजारचे पान वाचले जाणे यांतून पुष्कळ काही मिळते. त्याला यंत्र द्यायचे असेल तर यंत्राच्या कोणत्या सोयी त्याने काही काळ बंद ठेवायच्या, हा विचार यंत्राच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आकाराचा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. पण समर्थ रामदासांनी तो आध्यात्मिक ग्रंथात आणण्याइतका महत्त्वाचा मानला. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ते एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर वाचेल, आणि तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही म्हणून मध्यम आकाराचे काढावे, असा उपदेश तेथे केलेला आहे. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथाला समासाची रुंदी सांगावीशी वाटली, ही मराठी परंपरेतील फार मोठी गोष्ट आहे. ज्ञान टिकायचे तर ते कोणत्या पानावर, किती मोठ्या अक्षरात आणि कोणाच्या डोळ्यांसाठी उतरवले जाते याची काळजी वाहावी लागते, हे त्यात मान्य केलेले आहे.

त्या दृष्टीने साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. ए-४ आकाराचा कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. पहिल्या आयपॅडसारख्या ९.७ इंची पडद्यावर असे पूर्ण पान बसवले तर ते मूळ आकाराच्या सुमारे दोन-तृतीयांश होते, म्हणजे १२ पॉइंटचा टाइप ८ पॉइंटचा दिसतो, १२.९ इंची पडद्यावर तेच पान सुमारे नऊ-दशांश राहते आणि टाइप साडेदहा पॉइंटच्या आसपास दिसतो. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असल्याने हा फरक रोमन लिपीपेक्षा अधिक जाणवतो. संस्कृत मूळ, भाष्य आणि तळटीपा एकाच पानावर असलेला ग्रंथ लहान पडद्यावर सारखा मोठा करून सरकवत वाचावा लागतो, आणि मूळ व भाष्य एकत्र नजरेत राहत नाहीत. अशा वाचकाला मोठा पडदा ही चैन नाही, आणि समासात टीप लिहिता येणे ही तर त्याच्या अभ्यासाची गरजच आहे. उलट कथा-कादंबरी वाचणाऱ्याला किंवा प्रवासात उभ्याने वाचणाऱ्याला तो निव्वळ भार आहे, पहिल्या १२.९ इंची आयपॅड प्रोचे वजन ७१३ ग्रॅम होते आणि कीबोर्ड जोडल्यावर ते लहान लॅपटॉपच्या जवळ जाते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम दिला. श्रवण म्हणजे ऐकून घेणे, मनन म्हणजे युक्तीने तपासणे, निदिध्यासन म्हणजे त्यातच स्थिर होणे. लेखणी आणि कीबोर्ड यांचा वाद या क्रमात ठेवला की बराचसा शमतो. स्टायलस हे मननाचे साधन आहे: ओळीखाली रेघ, समासात शंका, बाणाने जोडलेली दोन विधाने, रसायनातील रेणूची रचना, भूमितीची आकृती, ज्या गोष्टी ओळीमागून ओळ अशा क्रमात बसत नाहीत त्या सर्व हाताने सहज उतरतात. कीबोर्ड उपयोगी पडतो तो मनन झाल्यानंतर, विचार दुसऱ्यासाठी क्रमवार मांडताना. मराठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना शिकलेले लोक थोडे, आणि बहुतेकांच्या कीबोर्डवर रोमन अक्षरेच छापलेली. त्यामुळे अनेक जण मराठी शब्दाचे रोमन अक्षरांत मनोमन रूपांतर करून तो टंकतात. विचार आणि अक्षर यांच्यामध्ये अशी परकी लिपी उभी राहणे मननाला मारक आहे. स्टायलस धरणारा हात थेट देवनागरीत लिहितो, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी हे तिच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण मानले पाहिजे.

निदिध्यासनाला मात्र यांपैकी काहीच साहाय्य करत नाही, आणि पडदा तर विरोधच करतो. न्यायदर्शनाने मन अणुरूप मानले आणि त्याचे गमक म्हणून एकाच वेळी अनेक ज्ञाने उत्पन्न होत नाहीत हे दाखवले. आयपॅडवर २०१५ पासून एका पडद्याचे दोन भाग करता येतात. मोठा पडदा ही सोय अधिक मोहक करतो. ग्रंथ आणि वही शेजारी ठेवणे वेगळे, कारण तेथे दोन्हींचा विषय एक असतो. ग्रंथ आणि संदेशपेटी शेजारी ठेवली की अणुरूप मन त्या दोहोंत येरझारा घालते आणि त्या येरझारांनाच काम समजू लागते.

व्यावसायिकाच्या बाजूने पाहता मराठीतील सर्वांत मोठा दाखला लेखणी दुसऱ्याच्या हाती असण्याचाच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते आदराने उतरवून घेतले. त्यामुळे ग्रंथ ज्ञानेश्वरांचा होण्यात काही उणे आले नाही, कारण संकल्प, वाणी आणि विचार त्यांचेच होते. ज्याची घडण पूर्ण झाली आहे त्याने लेखनाची क्रिया सोपवावी, याला परंपरेचा आधार आहे. आजचा वास्तुविशारद जागेवर उभे राहून नकाशावर स्टायलसने दुरुस्ती लिहितो, संपादक मुद्रितावर खुणा करतो, डॉक्टर रुग्णाला आकृती काढून शस्त्रक्रिया समजावतो. या कामांत मोठा टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस आहे. दिवसभर लांब मजकूर लिहिणाऱ्याला, मोठी कोष्टके हाताळणाऱ्याला किंवा संगणकप्रणाली रचणाऱ्याला तो आजही दुय्यम आहे. ज्याच्या कामात हात आणि आकृती येत नाहीत त्याने तीन अंगांची किंमत मोजून एकच अंग वापरण्यात अर्थ नाही.

किमतीचा विचार मीमांसेत अधिकार या सदरात येतो. अधिकार म्हणजे कर्म करण्याची आणि त्याचे फळ भोगण्याची पात्रता. निर्धनाला यज्ञाचा अधिकार आहे काय, असा प्रश्न जैमिनीने विचारला आणि द्रव्य आज नसले तरी मिळवता येते, म्हणून निर्धनता हा कायमचा अडथळा नाही असा निर्णय दिला. त्याच सहाव्या अध्यायात शूद्रांना यज्ञाधिकार नाकारला आहे हेही सांगितले पाहिजे. मीमांसेची युक्तिपद्धती आज वापरताना तो निर्णय टाकूनच ती वापरावी लागते, आणि विद्या सर्वांची आहे हे वारकरी संतांनी आणि पुढे फुले दांपत्याने मराठी समाजाला शिकवलेले सत्य तिच्या पायाशी ठेवावे लागते. तसे केले तर निर्धनाविषयीचा निर्णय अधिक व्यापक होतो. असे महाग साधन सर्व विद्यार्थ्यांसाठी आवश्यक मानणे, म्हणजे ज्याच्याजवळ ते नाही त्याचा अधिकार काढून घेणे होय. राज्य मंडळाची दहावी-बारावीची उत्तरपत्रिका आजही कागदावर हाताने लिहिली जाते, त्यामुळे वर्षभर टंकणाऱ्यालाही शेवटी तीन तास पेन चालवावेच लागते, ही गोष्टही शाळांनी असे साधन सक्तीचे करण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले कर्म, सर्व अंगांसह झाले तरच फळते, आणि नित्य कर्म, म्हणजे करणे आवश्यकच असलेले कर्म, शक्य तितक्या अंगांनी केले तरी सिद्ध होते, असा आणखी एक भेद मीमांसेत आहे. अभ्यास हे विद्यार्थ्याचे नित्य कर्म मानले तर ज्याचा हात थरथरतो त्याने टंकावे, ज्याला दिसत नाही त्याने लेखनिकाकडून लिहून घ्यावे किंवा यंत्राला वाचून दाखवायला सांगावे, आणि यांपैकी कोणालाही सदोष म्हणता येणार नाही. स्टायलस धरता येत नसलेल्याच्या बाबतीत कीबोर्ड हा प्रतिनिधी नसून त्याचे मुख्य साधनच आहे. तसेच ज्याच्याजवळ टॅबलेट नाही, किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याची बॅटरी संपली आहे, त्याचाही अभ्यास अडत नाही. अक्षर काढायला त्याच्याजवळ पाठकोरा कागद उरतो, आणि वाचलेले आठवून तपासायला मन.